दोऱ्याखालची रेघ

आवाज आधी माझ्या बायकोनं ऐकला.

तिचा जन्म पायाच्या शिलाई मशीनवर गेला. आर्णीतल्या कितीतरी बायांचे ब्लाउज तिच्या पायाखालून निघाले. त्यामुळे फिरणारी कोणतीही वस्तू असो, पंखा, चक्की, मोटार, ती मान तिरपी करून ऐकायची आणि सांगायची, हे बरं नाही, हे टिकत नाही. मी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो. तिथल्या सरकी काढणाऱ्या रेच्यांनी माझे कान खाल्ले. बारीक आवाज मला येत नाही. म्हणून घरात ऐकायचं काम तिचं होतं. आता ती नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाला रडगाणं वाटायचं नाही.

त्या दिवशी पोरगी ओसरीत सायकल चालवत होती. मागचं चाक एका लोखंडी घोडीवर चढवायचं, म्हणजे सायकल जागेवर राहते आणि पायडल फिरत राहतं. शर्यतीच्या आधी तिचा असा रोजचा सराव असे. बायको मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवली.

"काहो, लंगडून राह्यली हे."

"कोण?"

"सायकल. एक पाय खरं बोलते अन् एक पाय खोटं."

मला काहीच आलं नाही. मी म्हणालो, "तुले तर खाटही लंगडी वाटते."

"खाट लंगडीच हाये. तुम्ही पाचर ठोकतो म्हणाले त्याले दोन पावसाळे झाले."

पोरगी हसली. बायको हसली नाही. ती ऐकतच राहिली. तेव्हाच काहीतरी सुरू झालेलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

आमची ही एकच लेक. वनरक्षक आहे. जंगलात गस्तीला सायकल घेऊन जायला लागली, आणि एका वर्षी कोणीतरी तिला डोंगरातल्या सायकल शर्यतीत नाव द्यायला लावलं. ही शर्यत रस्त्यावर होत नाही. सागाच्या जंगलातून, मुळांवरून, नाल्यातून, दगडातून चढायचं, आणि मग तशाच दगडातून खाली सुटायचं. मी एकदा तो उतार पाहिला. गुरं तिथून उतरवायची म्हटली तर गुराखी नाही म्हणेल. पोरी तिथं ब्रेक न दाबता उतरतात. आमच्या गल्लीतल्या बाया बायकोला म्हणायच्या, "लग्नाच्या वयात पोरगी सायकल खेळून राह्यली व तुही." बायको म्हणायची, "खेळू दे. तुमच्या जावयाइतकं तं पडत नाही ते." गल्ली गप्प बसायची, कारण कोणाचा जावई कुठं पडतो ते सगळ्यांना माहीत होतं.

एक-दोन शर्यती जिंकल्यावर पोरीला कोणीतरी सांगितलं की सायकल अंगाला बसवून घ्यावी लागते. शिवलेला कपडा बसवतात तशी. बायकोला हे लगेच पटलं. आम्ही तिघं नागपूरला गेलो. तो बसवणारा जवान पोरगा होता, समजदार. त्यानं पोरीला सायकलवर बसवलं, गुडघ्यापासून ओळंबा सोडला, गवंडी सोडतो तसा, आणि सीट मागं-पुढं सरकवली. मग उंची. टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवला तर गुडघ्यात जरा वाक उरावा, एवढं साधं गणित त्यानं मलासुद्धा समजेल असं सांगितलं. सीट खाली असली तर गुडघा पुढून दुखतो. वर असली तर पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवी हलते, आणि गुडघा मागून धरतो.

"अन् पायडल दाबायचं नाही ताई," तो पोरीला म्हणाला. "फिरवायचं. खाली आलं की पाय मागं ओढायचा, उंबरठ्यावर चपलेचा चिखल पुसतो ना आपण, तसा."

सीटखालचा दांडा फ्रेमच्या नळीत जिथं घुसतो तिथं त्यानं दांड्यावर लाल टेप चिकटवली. सायकल धुताना, जीपमध्ये टाकताना दांडा काढावा लागतो. परत घालताना टेप नळीच्या तोंडाला टेकली की उंची बरोबर. मग त्यानं दांडा पूर्ण बाहेर काढून आम्हाला खालच्या टोकाजवळ कोरलेली एक रेघ दाखवली. "ही रेघ कधी बाहेर दिसली नाही पाहिजे, काका. दांडा आत कमी राहिला की सगळा भार नळीच्या तोंडावर येतो. उतारावर फ्रेम फुटते." त्या वेळी टेप आणि ती रेघ यांच्यात चांगलं चार बोटं अंतर होतं. मी बोटं ठेवून पाहिलं होतं, म्हणून आठवतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण निघताना तो म्हणाला, पायडल वर आणि खाली जिथं असतं तिथं जोर लागत नाही, त्याला डेड स्पॉट म्हणतात, ताईच्या डाव्या पायात तो जरा जास्त आहे.

बायकोनं विचारलं, "डेड म्हणजे?"

"म्हणजे मेलेली जागा, काकू."

बायकोचा चेहरा उतरला. बसमध्ये यवतमाळपर्यंत ती बोलली नाही. यवतमाळ गेल्यावर म्हणाली, "पोरीच्या पायाले असं बोलते का कोनी?"

मी म्हणालो, "अवं, ते सायकलचं बोलून राह्यला."

"पाय सायकलचा हाये का?"

घरी आल्यावर तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पोरीच्या डाव्या पायात घोट्याच्या वर काळा दोरा बांधला. आणि दुसरा दोरा, बिब्बा ओवलेला, सायकलच्या सीटखाली दांड्याला बांधला. आमच्याकडे बिब्बा कशालाही बांधतात, दाराला, जीपला, बाळाच्या पाळण्याला. जंगलात बिब्ब्याची झाडं आहेत, पोरगीच आणून देई. बिब्ब्याचं तेल मोठं वाईट. अंगाला लागलं की उततं आणि काळा डाग पडतो. बायको दाभणानं बिब्बा टोचायची, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायमची काळी असत.

लाल टेप पहिल्याच शर्यतीच्या चिखलात निघून गेली. पोरगी चिडली. बायको म्हणाली, "कायले चिडते? माहा दोरा हाये ना तिथीच. दोऱ्यापर्यंत घाल." आणि खरंच, दोरा टेपेला लागूनच बांधला होता. तेव्हापासून टेपेचं काम दोऱ्यानं केलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते इतकं बारीक आहे की घरात तीन माणसं असून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दर अमावस्येला बायको दांडा उपसून सायकलचा दोरा बदलायची; पायातला काळा दोरा मात्र एकदा बांधला तो बांधला. पण जुना आधी कापायची नाही. जुना कापला आणि नवा बांधला, तर मधला वेळ वस्तू उघडी राहते, आणि उघड्या वस्तूला काय लागायचं ते तेवढ्यात लागतं, असा तिच्या माहेरचा नेम. म्हणून आधी जुन्याच्या खाली नवा बांधायचा, तीन वेढे घट्ट, मग जुना कापायचा. दारावर असं केलं तर काय बिघडतं? काही नाही. पण इथं तो दोरा उंचीची खूण होता. दर अमावस्येला खूण ज्वारीच्या दाण्याएवढी खाली सरके, आणि पोरगी खुणेपर्यंत दांडा घाली, म्हणजे सीट तेवढी वर येई. दाणाभर. दाणाभर कोणाच्या पायाला कळतं? उलट पहिले काही महिने तिचा चढ सुधारला. ती वाढलेल्या उंचीवर जिंकली. बायको म्हणाली, दोरा लागू पडला.

मग तो आवाज आला. लंगडल्यासारखा. पाय खाली पुरत नव्हता, म्हणून फेऱ्याच्या तळाशी तिला कंबरेतून वाकून पायडल गाठावं लागत होतं, आणि तेवढ्यात फेरा तुटत होता. बायकोनं ते बरोबर ऐकलं. पण तिनं त्याचा अर्थ असा लावला की नजर जबर आहे, अमावस्येपर्यंत थांबून चालायचं नाही. त्या दिवसापासून ती दर शनिवारी दोरा बदलायला लागली. म्हणजे जितकं लंगडणं वाढे तितके दोरे वाढत, आणि जितके दोरे तितकं लंगडणं. ती ऐके, बांधे, परत ऐके. मी शेजारी बसून चहा पीत होतो.

दिवाळीनंतर ती गेली. सकाळी मशीनवर बसल्याबसल्या डोकं टेकलं आणि झालं. पाय पायपट्टीवरच होते. आंघोळ घालताना बायांनी तिची बोटं घासली. बिब्ब्याचा काळा रंग निघाला नाही. मी म्हटलं, राहू द्या.

नंतर पोरगी बरेच दिवस सायकलजवळ गेली नाही. ती परत बसली तेव्हा मला बरं वाटलं. घरात काहीतरी फिरतं झालं. तिनं दोराही बांधला, मायनं बांधला असता तसाच, जुन्याच्या खाली. फक्त एक फरक. मायचा शेवटचा दोरा तिनं कापला नाही. तो तसाच ठेवून त्याच्या खाली आपला एक, पुढं दुसरा, मग तिसरा.

फाल्गुनात मोठी शर्यत होती, तिच्यातून पुढं राज्याबाहेर जायला मिळणार होतं. एकदा मी जीपमध्ये होतो आणि ती महागावच्या वाटेवर पुढं चढ चढत होती. मागून मला तिची कंबर दिसली. डावीकडे पडे, उजवीकडे पडे. भरल्या गाडीच्या मागं एखादं चाक निखळायच्या आधी जसं झोल खातं, तशी. नागपूरच्या पोऱ्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं. घरी येऊन विचारलं, "गुडघा मागून दुखते का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"बाबा, सगळ्याइचेच दुखतात."

"सीट वर गेली तुही."

"दोऱ्यावर हाये. मायच्या टायमापासून दोऱ्यावरच हाये."

ती ड्यूटीवर गेल्यावर मी दांडा उपसला. उन्हात ओट्यावर नेऊन पुसला. पुसत गेलो तसं दिसायला लागलं. बिब्ब्याचं तेल दोऱ्यात मुरतं, त्याची धातूवर तांबूस कडी उठते. एकाखाली एक कड्या. अगदी वर, जिथं टेपेचा जुना डिंक मळून राहिला होता, तिथून खालपर्यंत. बांगड्या भरल्यावर बाईचा हात दिसतो तसा तो दांडा दिसत होता. प्रत्येक कडी बायकोनं मान वाकवून, दात लावून आवळलेली. सगळ्यात खाली पोरीचे तीन दोरे, त्यावर मायचा. मी ती कोरलेली रेघ शोधली. सापडेना. चष्मा पुसला, तरी नाही. मग पोरीचा मधला दोरा नखानं सरकवला. रेघ त्याच्याखाली होती.

म्हणजे रेघ नळीच्या बाहेर होती, आणि माझी पोरगी त्या उतारावरून तशीच सुटत होती.

मी नागपूरच्या पोऱ्याला फोन लावला. तो आधी दिलासा द्यायच्या आवाजात बोलला, मग त्यानं विचारलं, "काका, रेघ दिसते का?"

"दोऱ्याखाली हाये."

त्याचा दिलाशाचा आवाज गेला. मग म्हणाला, "ताईला त्यावर बसू देऊ नका. आणि उंची एकदम सगळी उतरवू नका, पाय त्याला सवकले आहेत. पण रेघ आत गेलीच पाहिजे. आणि फ्रेम एकदा दाखवा मला."

संध्याकाळी पोरीला सगळं ओट्यावर मांडून दाखवलं. ती कड्यांवरून बोट फिरवत राहिली. तिला माझ्याआधी समजलं.

"म्हणजे मायनंच."

"मायनं काही नाही केलं. दोरा काप अन् सीट खाली घे."

तिनं आपले तीन दोरे कापले. मायच्या दोऱ्यापाशी ब्लेड थांबलं.

"हा नाई."

"अवं, तो सरकतही नाही. तेल पिऊन लाकूड झाला. तो असला तं दांडा खाली जात नाही."

"मायच्या दोऱ्यापर्यंत घालते. रेघ आत जाते ना?"

घालून पाहिलं. रेघ आत गेली. पण कशी, तर कडेला. नखभर आत, बस. मी म्हणालो, "हे आत जाणं नाही, हे दारात उभं राहणं हाये."

"बाबा, दोन दिवसांवर शर्यत हाये. ह्या एका शर्यतीपुरता ठेवते. मंग तुम्हीच कापा."

"फ्रेम दाखवाले सांगतली त्यानं."

"शर्यत झाल्यावर."

मी जोरात बोलू शकलो असतो. पण ती दांडा हातात घेऊन बसली होती आणि अंगठ्यानं तो बिब्बा कुरवाळत होती, आणि मायचे केस जसे कानामागं जात तसे तिचे गेले होते. मी उठून गोठ्याकडे गेलो.

शर्यतीच्या सकाळी डोंगराखाली मांडव, झेंडे, कर्णा. पोरी आपापल्या घोड्यांवर सायकली चढवून अंग गरम करत होत्या. आमच्या पोरीनंही चढवली. जागा उतरती होती, घोडी डगमगे, म्हणून तिनं मला फ्रेम धरून उभं राहायला सांगितलं. मी सीटखालच्या नळीवर पंजा ठेवला आणि ती फिरवू लागली.

जिनिंगमध्ये आवाजात काही ऐकू येत नसे, तेव्हा आम्ही यंत्रावर हात ठेवायचो. तेच झालं. पंज्याखाली काहीतरी चावलं. परत पायडल फिरलं, परत चावलं. दर फेऱ्याला, डावा पाय खाली गेला की एकदा. दात कडकन मिटावेत तसं. मी हात जरा वर नेला. बिब्बा लोंबत होता तिथं ते जास्त होतं. बिब्बा दर वेळी इवलासा उडत होता.

"उतर," मी म्हणालो.

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना."

"बाबा, नाव पुकारतीन आता."

"पुकारू दे. अथी हात लाव."

तिनं उतरून हात लावला. मी हातानं सीट दाबली. तिच्या बोटांना ते लागलं असावं, कारण तिनं हात एकदम मागं घेतला. शेजारची पोरगी पाहून राहिली होती. "काय झालं व ताई, साप आहे का?" ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

मी खिशातलं ब्लेड काढलं. आता तिनं अडवलं नाही. मायचा दोरा कापायला वेळ लागला, तो खरंच लाकडासारखा झाला होता. बिब्बा गळून खाली पडला. त्याच्यामागं फ्रेमच्या रंगावर तेलाचा काळा ओघळ होता. मी तो थुंकी लावून रुमालानं पुसला. ओघळ गेला, रेघ गेली नाही. दांडा आवळायला नळीच्या तोंडाला जी चीर असते, तिच्यापासून निघून मागच्या बाजूनं, केसाएवढी, ती भेग अर्ध्या नळीला वळसा घालून गेली होती. मी सीट मागं ओढली तेव्हा ती उघडली. सोडली तेव्हा मिटली. तोंडासारखी.

कर्ण्यावर तिचं नाव आलं. पुन्हा आलं. मग पुढचं नाव आलं.

पोरगी गवतात बसली. वरून पोरी उतरायला लागल्या तेव्हा आम्ही दोघं तो उतार पाहत होतो. दगडांवर चाकं आपटायची आणि प्रत्येक वेळी तिचा खांदा हलायचा. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "माय असती तं ऐकलं असतं तिनं."

"ऐकलं होतं तिनं," मी म्हणालो. "आधीच ऐकलं होतं."

पडलेला बिब्बा तिनं उचलला नाही. मीही नाही.

घरी आल्यावर ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मी चहा घेऊन गेलो. पायावरचं पांघरूण सरकलं होतं. डावा पाय पाहून मी कप खाली ठेवला. पोटरी सुजून चकचकीत झाली होती, गुडघ्यामागं अंड्याएवढा फुगा. आणि घोट्यावरचा दोरा, मायनं नागपूरहून आल्यावर बांधलेला, दिसतच नव्हता. मासात बुडाला होता. फक्त गाठ वर होती.

डॉक्टरकडे जायचंच होतं, गेलोही. पण आधी मी ब्लेड घेऊन खाटेवर बसलो. ती जागी झाली आणि पाय ओढून घेतला.

"बाबा, हा राहू द्या. हा तं सायकलचा नाई."

"खाली काय हाये ते पाहू दे मले."

"पाय हाये. दुसरं काय राहीन?"

लंगडी खाट कुरकुरली, पाचर अजून ठोकायची आहे. मग तिनंच पाय हळूहळू माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. ब्लेडचं टोक दोऱ्याखाली जायला जागा नव्हती. मला कातडी दाबून जागा करावी लागली. दोरा तुटला तेव्हा तिनं श्वास घेतला, दुखल्यासारखा नाही, कोणीतरी उठून गेल्यासारखा.

खाली खोल पांढरी कडी होती. पायाभोवती पूर्ण. दांड्यावर होत्या तशीच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सायकल बंद केली, पाय उशीवर ठेवायला सांगितलं. सूज उतरेल म्हणाले. नागपूरचा पोऱ्या नवी फ्रेम बसवून देतो म्हणून फोन करतो. पोरगी हो म्हणते. मी रोज सकाळी तिच्या पायाशी बसतो आणि त्या कडीवर अंगठा दाबून पाहतो. मास दबतं आणि दबलेलंच राहतं. कडी अजून भरलेली नाही.